न जुळलेल्या जोड्यांची नोंद कोण ठेवणार?

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री आणि मा. वैद्यकीय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : किडनी द्यायला नातेवाईक तयार आहे, पण ती रुग्णाला चालत नाही, अशा सर्व जोड्यांची राज्यभर एकच नोंद ठेवण्याबाबत

सप्रेम नमस्कार.

ऑगस्टमध्ये अवयवदान दिन आला की पोस्टरं लागतात, कॉलेजांत शपथा होतात, मेंदूमृत दात्यांच्या कुटुंबीयांचे सत्कार होतात. ते व्हायलाच हवं. पण आपल्या देशात होणाऱ्या दर दहा किडनी प्रत्यारोपणांपैकी आठाहून जास्त किडन्या आजही जिवंत माणसांकडून येतात. आई देते, बायको देते, बहीण देते, कधी वडील, कधी नवरा. या दात्यांबद्दल सरकारी कागदांत जे काही विचारलं जातं ते जवळजवळ सगळं एकाच शंकेपोटी : हा खरा नातेवाईक आहे ना, पैसे घेऊन तर देत नाही ना? शंका रास्त आहे. मात्र जो नातेवाईक खरा आहे, मनापासून तयार आहे, तपासण्यांत धडधाकट निघाला आहे आणि तरीही त्याची किडनी त्याच्या माणसाला चालत नाही, त्याचं पुढे काय झालं हे विचारणारा एकही रकाना आमच्या कुठल्याच फॉर्मवर नाही.

मी एका रुग्णालयात प्रत्यारोपण समन्वयक म्हणून काम करते. जुळलेल्या जोड्यांच्या फाइली माझ्या कपाटात फुगत जातात. न जुळलेल्यांच्या फाइलीवर एक शेरा पडतो आणि ती रेकॉर्ड रूमला जाते. हे पत्र त्या दुसऱ्या ढिगाबद्दल आहे.

आधी जुळणं म्हणजे काय ते थोडं सांगते, कारण धोरण ठरवणाऱ्यांच्याही मनात याबद्दल बराच गोंधळ असतो. रिपोर्ट आला की नातेवाईक मला हमखास विचारतात, "मॅडम, किती गुण जुळले?" जणू छत्तीसपैकी अठरा आले की बार उडवायचा. एचएलए, म्हणजे पेशींवरच्या ज्या खुणांवरून शरीर आपलं-परकं ओळखतं त्या खुणा. त्यांच्या टायपिंगचा, म्हणजे तपासणीचा, कागद दिसतोही तसाच, दोन रांगा, त्यात आकडे, काही सारखे काही वेगळे. आईच्या आणि मुलाच्या कागदावर निम्मे सारखे दिसतात, नवरा-बायकोच्या कागदावर बहुधा काहीच नाही, आणि मग नवरा-बायको घाबरतात.

घाबरायचं कारण नसतं. एचएलएची जनुकं सहाव्या गुणसूत्रावर असतात आणि आईकडून एक, वडिलांकडून एक अशी दोन गठ्ठ्यांनी येतात. म्हणून आई-वडील आणि मूल यांचं निम्मं जुळणं ठरलेलंच. भावंडांत चारांत एकाचं पूर्ण जुळतं, चारांत दोघांचं निम्मं, चारांत एकाचं अजिबात नाही. २३ डिसेंबर १९५४ ला बोस्टनमध्ये डॉ. जोसेफ मरे यांनी पहिलं यशस्वी किडनी प्रत्यारोपण केलं ते एकसारख्या जुळ्या भावांमध्ये, कारण तेव्हा शरीराचा विरोध दाबणारी भरवशाची औषधंच नव्हती. आज टॅक्रोलिमस आहे, मायकोफेनोलेट आहे. १९९५ मध्ये पॉल तेरासाकी या संशोधकाने आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या हजारो प्रत्यारोपणांचा हिशेब मांडला. तीन वर्षांनंतर नवरा-बायकोंनी एकमेकांना दिलेल्या किडन्यांपैकी ८५ टक्के चालू होत्या, आईवडिलांनी दिलेल्यांपैकी ८२ टक्के, आणि मृत दात्यांकडून आलेल्यांपैकी ७० टक्के. एचएलए न जुळणाऱ्या जोडीदाराची किडनी निम्म्या जुळणाऱ्या आईच्या किडनीइतकीच चालते. जास्त जुळलं तर चांगलंच, किडनी जास्त वर्षं टिकायला मदत होते. पण आकडे कमी जुळले म्हणून आम्ही कोणाला परत पाठवत नाही.

परत पाठवतो ते दोन कारणांनी. एक, रक्तगट. तो रक्त चढवताना चालतो तसाच चालतो. ओ गटाचा दाता कोणालाही देऊ शकतो, एबी गटाचा रुग्ण कोणाकडूनही घेऊ शकतो, ए आणि बी यांचं आपसांत जमत नाही. पॉझिटिव्ह-निगेटिव्हचा इथे संबंध नाही. तरी "दाता निगेटिव्ह आहे" म्हणून घरी बसलेली माणसं मला भेटली आहेत, आणि ते सांगणारा तालुक्याचा डॉक्टरच होता.

दुसरं कारण क्रॉसमॅच. ही तपासणी कोणी मंत्री कधी प्रत्यक्ष पाहील असं वाटत नाही, म्हणून सांगते. दात्याच्या रक्तातून लिम्फोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी वेगळ्या काढतात. तळहाताएवढ्या प्लॅस्टिकच्या ट्रेमध्ये तिळाएवढे खळगे असतात. त्यांत त्या पेशींचा थेंब, त्यावर रुग्णाच्या रक्तातलं सिरम, मग सशाच्या रक्तातून मिळवलेलं कॉम्प्लिमेंट (अँटिबॉडी चिकटलेल्या पेशी मारणारी प्रथिनं), आणि शेवटी रंग. रुग्णाच्या रक्तात दात्याविरुद्धच्या अँटिबॉडी आधीच तयार असतील तर पेशी मरतात, आणि मेलेली पेशी रंग पिते. यालाच क्रॉसमॅच पॉझिटिव्ह आली म्हणतात. सूक्ष्मदर्शकाखाली जिवंत पेशी चकचकीत दिसतात, मेलेल्या गडद. तंत्रज्ञ खळगा खळगा सरकवत बघतो आणि मेलेल्या पेशींचं प्रमाण लिहीत जातो. हीच तपासणी आता फ्लो सायटोमेट्रीने आणि मण्यांवर बसवलेल्या एकेका एचएलए प्रथिनाने जास्त बारकाईनेही होते. पण तिचं महत्त्व जगाला कळलं ते १९६९ मध्ये, पटेल आणि तेरासाकी यांच्या शोधनिबंधामुळे. क्रॉसमॅच पॉझिटिव्ह असताना केलेल्या ३० प्रत्यारोपणांपैकी २४ किडन्या लगेच गेल्या. निगेटिव्ह असलेल्या १९५ पैकी फक्त ८. त्यानंतर पॉझिटिव्ह क्रॉसमॅचवर कोणी सर्जन सहजासहजी सुरी लावत नाही.

आता मुद्द्याकडे येते. या अँटिबॉडी येतात कुठून? आधीच्या प्रत्यारोपणातून, चढवलेल्या रक्तातून, आणि गरोदरपणातून. पोटातलं बाळ निम्मं वडिलांचं असतं, आणि आईच्या शरीराची त्या निम्म्याशी ओळख होते. काही बायकांच्या रक्तात ही ओळख अँटिबॉडीच्या रूपात वर्षानुवर्षं राहते. म्हणजे ज्या पुरुषापासून तिला मुलं झाली, त्याचीच किडनी तिला न चालण्याची शक्यता वाढते. मुलाने द्यायची म्हटली तर त्यातही वडिलांचा निम्मा वाटा आहेच. नवऱ्याच्या शरीरावर बाळंतपणाचा असा कुठलाच शिक्का नसतो, त्याला बायकोची किडनी त्या अडथळ्याविना मिळते.

राष्ट्रीय पातळीवरच्या नोट्टो या संस्थेच्या आकडेवारीनुसार १९९५ ते २०२१ या काळात देशात झालेल्या ३६,६४० प्रत्यारोपणांपैकी स्त्रियांसाठी झाली ६,९४५. बाकीची पुरुषांसाठी. हा आकडा आला तेव्हा बऱ्याच लेखांतून समाजाला दोष दिला गेला, आणि तो खराच आहे. घरात कमावता पुरुष आजारी पडला की बायको, आई, बहीण रांगेत उभ्या राहतात. बाई आजारी पडली की रांग छोटी असते. पण तेवढंच सांगून थांबलं की एक गोष्ट सुटते. जी थोडी माणसं बाईसाठी उभी राहतात, त्यांच्यातलीही काही तिच्या बाळंतपणांमुळे बाद होतात. पहिल्या दोषावर सरकारला फारसं काही करता येत नसेल. दुसऱ्यावर करता येतं.

मराठवाड्यातलं एक जोडपं सांगते. बाई पस्तिशीच्या आतली, तीन बाळंतपणं झालेली, आठवड्यातून दोनदा डायलिसिस. तिसऱ्यांदा बोलावत होते, पण एसटीचं भाडं आणि बुडालेली मजुरी यांचा मेळ बसत नव्हता. नवरा स्वतःहून आला. मी त्याला एकट्याला बसवून नेहमीचे प्रश्न विचारले, कोणाचा दबाव आहे का, घरचे काय म्हणतात. तो म्हणाला, "आमची आई नको म्हणतीया, पर ते मी बघतो." दोघांचा रक्तगट एकच, बी. त्याची सोनोग्राफी, सीटी अँजिओ, साखर, लघवीतली प्रथिनं, सगळं उत्तम. क्रॉसमॅच आली पॉझिटिव्ह. पुन्हा केली, पुन्हा तेच. तिची आई मधुमेही, ती बाद. बहिणीच्या सासरच्यांनी नको म्हटलं. मी त्याला रिपोर्ट समजावून सांगत होते तेव्हा तो मधेच म्हणाला, "म्हंजी माझी किडनी चांगली हाय, हिला चालत नाही इतकंच ना? मग दुसऱ्या कुनाला चालत असंल तर त्यान्ला द्या की. अन् त्यांच्या मानसाची हिला बसवा."

१९८६ मध्ये फेलिक्स रापापोर्ट या सर्जनने वैद्यकीय नियतकालिकात जी कल्पना मांडली ती हीच. दक्षिण कोरियाने १९९१ पासून ती अमलात आणली. अमेरिकेत अल्विन रॉथ यांनी जोड्या कशा लावायच्या याचं गणित बसवलं, त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं २०१२ मध्ये. या शेतकऱ्याला ती प्लॅस्टिकच्या खुर्चीवर दोन मिनिटांत सुचली. आणि मी त्याला काय सांगितलं असेल? "बघू, कोणी सापडलं तर कळवते."

कोणी सापडलं तर, म्हणजे कसं सापडणार तेही सांगते. आम्हा समन्वयकांचे व्हॉट्सॲप ग्रुप आहेत. त्यांवर अधूनमधून मेसेज येतो : "पेशंट ए, डोनर बी, कुणाकडे उलटी जोडी आहे का?" खाली दोन नमस्काराचे हात, एखादा "नो", मग कोणाच्या तरी वाढदिवसाच्या शुभेच्छा, आणि मेसेज वर सरकतो. मोठ्या रुग्णालयांत स्वतःपुरत्या याद्या आहेत. काही डॉक्टरांनी पदरमोड करून नोंदवह्या चालवल्या, मुंबईत तर डॉक्टरांनीच पुढाकार घेऊन स्वॅपसाठी, म्हणजे अशा अदलाबदलीसाठी, 'अॅस्ट्रा' ही नोंदणी सुरू केली, आणि २०१३ मध्ये शहरातल्या वेगवेगळ्या रुग्णालयांत मिळून पाच जोड्यांची साखळी एकाच दिवशी पार पाडली. म्हणजे हे आपल्याला जमत नाही असं नाही. अहमदाबादच्या सरकारी मदतीवर चालणाऱ्या किडनी संस्थेत अशी शेकडो प्रत्यारोपणं झाली आहेत, आणि तीही साध्या परिस्थितीतल्या रुग्णांची. गुजरातचं उदाहरण दिलं की आपल्याकडे लोक चिडतात, पण इथे चिडण्यापेक्षा शिकणं स्वस्त आहे.

एक साधा हिशेब मांडते. एका रुग्णालयाकडे न जुळलेल्या दहा जोड्या असतील, तर त्यांच्यात दोन-दोनच्या अदलाबदली तपासून पाहायच्या ४५ शक्यता आहेत. अशी दहा रुग्णालयं, प्रत्येकाची स्वतंत्र यादी, तर मिळून ४५०. त्याच शंभर जोड्या एका यादीत घातल्या तर ४,९५०. माणसं तीच, किडन्या त्याच, डॉक्टर तेच. फक्त कागद एकत्र आला की शक्यता अकरापट होतात. ज्यांच्या रक्तात खूप अँटिबॉडी आहेत त्यांना तर मोठी यादी हाच आधार, कारण त्यांना चालणारा दाता पन्नासांत एखादाच निघतो. त्यात आपल्या लोकसंख्येत पाश्चात्त्य देशांपेक्षा बी गट बराच जास्त आहे. तिकडे ए गटाचे लोक खूप आणि बी गटाचे थोडे, त्यामुळे ए-बी अदलाबदल अडते. आपल्याकडे ती जास्त सहज जमायला हवी.

तरी जमत नाही. का, हे मी आतून पाहते. पहिलं कारण पैसा, आणि तो फक्त रुग्णाचा नाही. रक्तगट जुळत नसला तरी प्रत्यारोपण करता येतं. जपानने १९८९ पासून ते मोठ्या प्रमाणावर केलं, कारण तिथे मृत दाते फार कमी होते. रिटुक्सिमॅबचं इंजेक्शन देतात, प्लाझ्मा बदलून रक्तगटाविरुद्धच्या अँटिबॉडी खाली आणतात, मग शस्त्रक्रिया. हे चांगलं शास्त्र आहे आणि अनेकांना त्याने जीवदान मिळालं आहे. पण नेहमीच्या खर्चावर काही लाख चढतात, जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. खासगी रुग्णालयात तो मार्ग पंधरा दिवसांत मोकळा होतो, अदलाबदलीला मात्र दुसरी जोडी शोधा, परवानगी देणाऱ्या समितीपुढे जा, दोन्ही कुटुंबांना समजवा. ज्याच्याकडे पैसे आहेत तो पहिला मार्ग धरतो. ज्याच्याकडे नाहीत त्याला दुसरा मार्ग आहे हेही पुष्कळदा कोणी सांगत नाही. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत किडनी प्रत्यारोपणाची मर्यादा २०२३ मध्ये अडीच लाखांवरून साडेचार लाखांवर नेलीत, त्याबद्दल आभार. त्या साडेचार लाखांत साधं प्रत्यारोपण कसंबसं बसतं. रक्तगट ओलांडणारं बसवून दाखवा. अदलाबदल मात्र बसू शकते, कारण ती शेवटी दोन साधी प्रत्यारोपणंच असतात.

दुसरं कारण भीती. मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा १९९४ चा, त्यात २०११ च्या दुरुस्तीने अदलाबदलीचं कलम आलं, २०१४ मध्ये ती दुरुस्ती आणि नवे नियम लागू झाले. दोन्ही जोड्यांतला दाता आपापल्या रुग्णाचा जवळचा नातेवाईक हवा, दोन्हीकडे वैद्यकीयदृष्ट्या न जुळणं हवं, चौघांचा एकच करार हवा, आणि प्राधिकार समितीची आधी परवानगी हवी. यात चुकीचं काही नाही. पण २०२२ मध्ये पुण्यात एका अदलाबदलीत 'पत्नी' म्हणून उभी केलेली बाई पत्नी नव्हतीच हे उघड झालं. ठरलेले पैसे मिळाले नाहीत म्हणून तिनेच तक्रार केली. त्यानंतर स्वॅप म्हटलं की समितीचे सदस्य खुर्चीत सरसावून बसतात आणि रुग्णालयांचे व्यवस्थापक म्हणतात, नकोच ती भानगड. मला उलट वाटतं. दलाल फोफावतो तो जोड्या जेव्हा ओळखीपाळखीने, फोनवरून, कँटीनमध्ये लागतात तेव्हा. सरकारी यादीतून संगणकाने जोडी लावली, दोन्ही कुटुंबांना एकमेकांची नावं परवानगीच्या टप्प्यापर्यंत कळलीच नाहीत, तर दलालाने मध्ये घुसायचं कुठून? खोटी बायको तरीही कोणी उभी करू शकेल, हे मान्य. पण ती साध्या प्रत्यारोपणातही उभी करतात, म्हणून नवरा-बायकोंची प्रत्यारोपणं आपण बंद केलेली नाहीत.

म्हणून मागणी अशी. राज्यातल्या प्रत्येक नोंदणीकृत रुग्णालयाने, सरकारी असो की खासगी, जिवंत दाता वैद्यकीयदृष्ट्या योग्य असूनही रक्तगटामुळे किंवा क्रॉसमॅचमुळे नाकारला गेला की त्या जोडीची माहिती, त्यांच्या संमतीने, एका ठिकाणी कळवणं बंधनकारक करा. ते ठिकाण नवं उभारायला नको. केईएममध्ये रोट्टो-सोट्टो ही प्रादेशिक आणि राज्य पातळीवरची अवयव प्रत्यारोपण संस्था आहे, मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला झेडटीसीसी, म्हणजे विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्रं आहेत. मृत दात्यांच्या किडन्या वाटताना ही मंडळी मध्यरात्रीसुद्धा यादी चालवतात, त्यांना हे अवघड नाही. माणसं मात्र वाढवून द्या. त्याच चार जणांच्या डोक्यावर आणखी एक यादी टाकलीत तर तिचं काय होईल ते आपण दोघेही जाणतो. नोट्टोनेही एप्रिल २०२५ मध्ये राज्यांना देशभर एकसारखी स्वॅप योजना राबवण्याबद्दल लिहिलं आहे. दिल्लीची यंत्रणा उभी राहील तेव्हा राहील. तिच्यात भरायला महाराष्ट्राकडे माहिती तरी हवी, आणि आज ती रेकॉर्ड रूममध्ये पडून आहे.

यादीसोबत खर्चाचाही निर्णय लागेल. बीडच्या जोडीचं नागपूरच्या जोडीशी जमलं तर चार ऑपरेशनं एकाच दिवशी, एकाच वेळी करावी लागतात, म्हणजे एकाच्या माणसाला किडनी मिळाल्यावर दुसऱ्याचं मन बदलण्याचा प्रश्न येत नाही. मग कोणी कुठे जायचं? राहण्याचा, पुन्हा क्रॉसमॅच करण्याचा, दोन्ही दात्यांच्या तपासण्यांचा खर्च योजनेत स्पष्ट लिहिलेला हवा. मृत दात्याची किडनी बर्फात ठेवून पुणे-मुंबई प्रवास करतेच, जिवंत दात्याची का करू नये, याचाही तज्ज्ञांकडून एकदा विचार करून घ्या. दाता आपल्याच गावाजवळच्या रुग्णालयात राहिला तर निम्मी कुटुंबं लगेच हो म्हणतील.

ओ गटाच्या रुग्णांबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण यादी झाली तरी ते मागे राहतील. ओ गटाचा दाता आपल्या माणसाला बहुधा थेटच देऊन टाकतो, न जुळलेल्यांच्या यादीत तो येतच नाही. बायको ओ, नवरा ए, अशी जुळलेली जोडीही स्वखुशीने यादीत आली, आणि त्या नवऱ्याला बदल्यात जास्त तरुण दात्याची किडनी मिळाली, तर एका ओ गटाच्या रुग्णाचीही सोय होते. आजच्या कलमात हे बसत नाही, कारण त्यात दोन्ही जोड्या न जुळणाऱ्याच लागतात. कलमातलं "जवळचे नातेवाईक"ही आजी-आजोबा आणि नातवंडांपाशी थांबतं. दीर, जाऊ, मेहुणा, सून, सासू त्यात नाहीत. आपल्या घरांत वहिनीने दिराला किडनी देणं आश्चर्याचं नाही, ती समितीच्या परवानगीने थेट देऊही शकते, पण गट जुळला नाही तर अदलाबदलीचं दार तिला बंद. कायदा केंद्राचा आहे. दुरुस्तीची शिफारस राज्याकडून जाऊ शकते.

आणि न जुळणं आपणच तयार करतो, त्याचं काय? डायलिसिसच्या रुग्णाचं हिमोग्लोबिन उतरतं. लोह आणि एरिथ्रोपोएटिनची इंजेक्शनं नियमित मिळाली तर बहुतेकांना रक्त चढवावं लागत नाही. सरकारी डायलिसिस केंद्रावर इंजेक्शनचा साठा संपला की रक्ताची पिशवी लागते, आणि प्रत्येक पिशवीबरोबर अनोळखी माणसाचं एचएलए शरीरात जातं. आधी बाळंतपणं झालेल्या बाईला तर ते फारच महागात पडतं. (गंमत म्हणजे सत्तरच्या दशकात प्रत्यारोपणाआधी मुद्दाम रक्त चढवत, किडनी जास्त टिकते असं दिसलं होतं म्हणून. नवी औषधं आली आणि ती पद्धत मागे पडली.) वर सांगितलेल्या बाईला डायलिसिसच्या पहिल्या महिन्यांत अशा पिशव्या चढल्या होत्या. दोष बाळंतपणांचा किती आणि पिशव्यांचा किती, हे आता कोणी सांगू शकणार नाही. प्रत्यारोपणाच्या वयातल्या डायलिसिस रुग्णांसाठी इंजेक्शनचा साठा तुटू देऊ नका, आणि रक्त द्यावंच लागलं तर पांढऱ्या पेशी गाळलेलं द्या. लाखांच्या ऑपरेशनपुढे हा खर्च काहीच नाही.

एक धोकाही सांगून ठेवते, कारण यादी झाली की तो माझ्याच टेबलावर येणार आहे. आमच्याकडे काही दाते, विशेषतः सुना आणि धाकट्या बहिणी, बंद दाराआड सांगतात की मला द्यायची नाही, पण घरी सांगू शकत नाही. अशा वेळी डॉक्टर घरच्यांना एवढंच सांगतात की या दात्या म्हणून योग्य नाहीत. जगभर हेच करतात, आणि बरोबर करतात. उद्या "जुळत नाही तर स्वॅपला घाला" असं घरचे म्हणू लागले तर ही पळवाट बुजेल. म्हणून यादीत नाव जाण्याआधी दात्याशी एकांतात, घरच्यांशिवाय, स्वतंत्र बोलणं झालंच पाहिजे. नाव कधीही, कारण न देता काढता आलं पाहिजे, आणि नाकारण्याचं कारण घरच्यांना कळवण्याची सक्ती कुठेही नसली पाहिजे. हे नियमातच लिहा. समन्वयकाच्या शहाणपणावर सोडू नका, आमच्यापैकी प्रत्येकीवर व्यवस्थापनाचा दबाव असतो.

देशातलं पहिलं किडनी प्रत्यारोपण १९६५ मध्ये मुंबईत, केईएममध्ये झालं. १९९४ चा कायदा ज्या राज्यांच्या ठरावांवरून संसदेने केला त्यांत महाराष्ट्र होता. त्यामुळे आपल्या खात्यांकडून एका माहितीची अपेक्षा करायला हरकत नसावी : गेल्या आर्थिक वर्षात राज्यात किती धडधाकट, तयार दाते केवळ जुळत नाही म्हणून परत गेले? त्यांतले किती जण स्त्रीरुग्णांसाठी आले होते, आणि त्यांतल्या किती जोड्यांना अदलाबदलीबद्दल सांगण्यात आलं? रुग्णालयांना एक पत्र पाठवलंत तर महिन्याभरात उत्तर येईल. आमच्या रुग्णालयातल्या फाइली मी रेकॉर्ड रूममधून काढायला सुरुवात केली आहे. तक्ता कुठल्या नमुन्यात हवा तेवढं कळवावं.

आपली नम्र,
एक प्रत्यारोपण समन्वयक